मेंढरांच्या आडून

२१ डिसेंबर, रविवार

गेल्या रविवारी मी इथे एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते. 'लहानपणी पालमच्या माळावर मी पखुर्ड्या पाण्यावर उतरताना पाहिल्या आहेत', असं मी लिहिलं. मी त्या पाहिलेल्या नाहीत.

झालं असं. आज दुपारी माय अंगणात तूर पाखडत होती. पाखरं तळ्यावर कुठल्या बाजूने येतात हे मला पक्कं करायचं होतं, म्हणून तिला विचारलं.

"आता मला कामून इचारायलीस? तूच सांगितलंस की समद्यायला, म्या बघितलं म्हनून."

"बघितलंच आहे की. तू नव्हतीस का तिथे?"

"म्या होते. तू बी होतीस, माझ्या पाठीवर, झोळीत. घोरायली होतीस."

"म्हणजे?"

"म्हंजे झोपली होतीस, माय. आठ म्हैन्याचं लेकरू. तुला काय दिसतंय?"

आणि ती सूप आपटत हसली.

मला मात्र सगळं दिसतं. आटत आलेलं तळं, कडेला भेगाळलेली माती. आभाळातून ओळीने येणारी पारव्याएवढी पाखरं. रंग असा की माळावर बसली तर ढेकूळच वाटावं. पाण्यापासून जरा लांब उतरतात, तुरुतुरु चालत येतात, घटघट पितात. एक नर पाण्यात बसतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि उडतो. लांब कुठेतरी त्याची पिल्लं ती ओली पिसं चोखतात. तो गेला तशी मायने आपला पदर पाण्यात बुडवला आणि माझ्या तोंडात पिळला. हे मी चित्र काढून दाखवू शकेन. पण हे सगळं मायच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी फक्त ते इतक्या वेळा ऐकलं की ते माझंच झालं.

आता अडचण अशी की परभणीला व्यंकटराव काकांच्या ओसरीवर पक्षी बघणाऱ्या मंडळींसमोर मी हे 'पाहिलं' म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच २५ जानेवारीची सहल ठरवली. सगळ्यांना घेऊन जाणार मी.

आम्ही मेंढक्याची माणसं. मी शाळेत फार उशिरा बसले. त्याआधी दादांनीच, म्हणजे वडिलांनी, मला शिकवलं. अक्षरं काठीच्या टोकाने मातीत काढायची, आणि गणित म्हणजे संध्याकाळी वाड्यात शिरणारी मेंढरं मोजणं. त्यात त्यांचा एकच नियम होता. जे मेंढरू डोळ्याने दिसलं तेवढंच मोजायचं. 'मागं असंल की' म्हणून धरायचं नाही. मी न दिसलेलं मेंढरू धरलं आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

शिकवणीची मुलं गेल्यावर काकांचा फोन आला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि या सहलीने त्यांना दहा वर्षांनी तरुण केलंय.

"हे बघ साधना, ही शिकारच आहे. फक्त बंदुकीच्या जागी दुर्बीण."

त्यांच्या मामांकडे परवान्याची बंदूक होती. काका शाळकरी वयात मामांच्या मागे पाखरांची पिशवी घेऊन हिंडायचे. मग कायदा आला, मामांनी बंदूक जमा केली आणि लिंबाची बाग लावली. पण मामांचे नियम काकांना पाठ आहेत. वारा तोंडावर घ्यायचा. ऊन पाठीशी ठेवायचं. माणसांनी एका रांगेत, अंतर राखून चालायचं आणि मध्येच एकदम थांबायचं.

"थांबायचं कशाला?"

"चालणाऱ्या माणसाला पाखरू भीत नाही गं, दबून बसतं. माणूस थांबला की त्याला वाटतं, आता आपल्याला बघितलं. मग त्याचा धीर सुटतो आणि ते उठतं!"

मी सगळं लिहून घेतलं. मी झोपले होते, हे आजच सांगायचं ठरवलं होतं. पण काका मध्ये श्वास घेत नव्हते, आणि मग त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून त्यांनीच फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे बरोबर नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

तयारी सुरू केली. शिवकन्या माझ्यासोबत शिकवणी घेते. तिला घेऊन बाजारात गेले आणि मातीच्या रंगाची ओढणी आणली. मातीच्या रंगाचे बूट मिळाले नाहीत. मिळाले त्यांना नारिंगी पट्टी आहे. ती मी शेणाने सारवायची ठरवली आहे.

एक आता पक्कं झालं. मायचा या जाण्याला विरोध आहे. सरळ नाही म्हणत नाही, पण प्रत्येक गोष्टीत खोट काढते.

"भाकरी कोन बांधून देनार? चटणी कोरडी ने, वली दुपारपातूर आंबती."

"बरं."

"आन् बसशील कुठं? थोरल्या बाभळीखाली बसू नको, मुंगळे हायत."

"बरं."

"त्या तळ्याला उतार एकाच अंगाला हाय. बाकी समदा चिखल. गुडघ्याइतकी रुतशील. मालूम हाय का?"

"आता झालं मालूम."

"आन् सकाळी गारठा असतोय. तुला कसला सोसतोय!"

मग ती चुलीपुढे बसून राहिली आणि तवा तापून धूर निघाला तरी तिला कळलं नाही. बाभूळ अजून असेल का, असं तिने मध्येच विचारलं. मला काय माहीत? मी तर झोपले होते, असं म्हणाले. ती हसली नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

सांगून टाकलं. वर्ष बदलायच्या आत सांगायचं होतं.

काका म्हणाले, "म्हणजे पाहिलं कोणी?"

"मायने."

"मग मायला आण की!"

मी म्हटलं, ती येणार नाही. कापसाच्या वेचणीला जाते, घरचं बघते. तिला हे आवडतही नाही.

"विचारलंस?"

मी विषय बदलला. विचारण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या शाळेसाठी मेंढरं बायनामावशीच्या हवाली करून आम्ही मानवतला आलो, त्याला चौदा वर्षं झाली. दादा कापसाच्या जिनिंगवर लागले. मायला आता इथलीच सवय आहे. तेव्हापासून ती एकदाही माळावर गेली नाही. तिने कधी नावही काढलं नाही.

काका रागावले नाहीत. असं ठरलं की मी आधी एकटी जाऊन येईन. पाखरं मला स्वतःला दिसली तर सहल. नाही दिसली तर मीच सगळ्यांना कळवायचं, की येऊ नका, मी न पाहिलेलं सांगितलं होतं. ही अट मीच घातली. घातल्यावर रात्री जेवण चांगलं गेलं.

४ जानेवारी, रविवार

आज इथेच सराव केला. मानवतच्या बाहेर, स्टेशनाकडच्या बाजूला पडीक जमीन आहे. तिथे पखुर्ड्या नाहीत, पण तित्तर आहेत. मी आणि शिवकन्या, दोघींची रांग. वारा तोंडावर, ऊन पाठीशी. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"साधना."

"श्श."

"माझ्या चपलेत काटा घुसलाय."

"मग थांब."

आम्ही थांबलो आणि तिच्या पायाजवळच्या झुडपातून तित्तर फर्रकन उठला. शिवकन्या अशी किंचाळली की मीही किंचाळले, आणि घाबरून मी बसले ती थेट सराट्यावर. काकांच्या मामांचा नियम खरा आहे एवढं सिद्ध झालं.

पण त्यानंतर सगळंच बिघडलं. आम्ही ज्या बाजूला वळू, तिकडची पाखरं आम्ही पोचायच्या कितीतरी आधी उडून जायची. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत समोर नुसतं आभाळ. जे उठवून बघायचं ते पाठमोरंच दिसणार, हे माझ्या आता लक्षात आलं.

एक गोष्ट चमत्कारिक दिसली, ती लिहून ठेवते. त्याच रानातून एक बाई शेरडं घेऊन गेली. चांगली मोठ्याने कोणाला तरी शिव्या देत चालली होती. तित्तरांची एक जोडी शेरडांच्या पायांत चरत राहिली, उडाली नाही. बाईच्या लुगड्याचा रंग हिरवट होता. ओढणी मातीच्या रंगाची आणली ते चुकलं की काय?

५ जानेवारी, सोमवार

हिरवी ओढणी आणायला हवी होती का, असं मायला विचारलं. कालची सगळी हकीकत सांगितली. ती हातातलं पीठ तसंच ठेवून हसायला लागली. इतकी हसली की पदराने डोळे पुसले आणि पीठ कपाळाला लागलं.

"अगं माय! मेंढक्याची लेक आन् माळावर नुसतीच जायलीस?"

"नुसतीच म्हणजे?"

"मेंढरं न घेता! रांग धरून, वारा बघून कोन जातंय? शिकारी. पाखराला काय तुझी दुर्बीण कळती? त्याला तू शिकारीच."

"आणि मेंढरांमागे गेले तर?"

"मेंढरामागचं मानूस पाखराला मेंढरूच. थोडं उभं मेंढरू." मग ती हळू म्हणाली, "त्या दिशी मेंढरं पीत होती आन् त्यांच्या मधीच ती पाखरं पीत होती. म्या इथून त्या रांजणाइतकी लांब होते. माझ्याकडं एकानं मान वर करून बघितलं न्हाई."

मी जागच्या जागी बसले. इतके दिवस मी वारा, ऊन, बूट सगळ्याचा विचार केला. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती आणि मला मेंढरू सुचलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

बायनामावशीला फोन लावला. ती मायची थोरली बहीण. तिचा कळप संक्रांतीनंतर पालमजवळ दिनकररावांच्या शेतात बसणार आहे. तूर निघालेल्या रानात रात्री मेंढरं बसवतात, त्याचं खत होतं. तिथून ते तळं हाकेच्या अंतरावर आहे. अजून आहे, आणि पाणीही आहे.

"ने की मेंढरं," मावशी म्हणाली. "कोन न्हाई म्हनतंय? पर तुझं ऐकतील व्हय गं? शिकलेली हायस तू. तुझ्या हाळीला एक कोकरू मागं फिरायचं न्हाई."

हे खरं आहे. म्हणून संध्याकाळी घरामागे जाऊन हाळी मारून पाहिली. पहिली अशी निघाली की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काय गं, घशात काही अडकलं?" दुसरी जरा बरी होती. तिसरीच्या वेळी घरातून मायचा आवाज आला.

"घशातून न्हाई, पोटातून."

मग तिने बसल्या जागेवरूनच एकदा हाळी मारली.

आधी एक लांब ऊकार, मग जिभेचा टाळूवर मारलेला आवाज, आणि शेवटी काहीतरी खाली सोडून दिल्यासारखं. शेजारच्या दाराला बांधलेली शेळी दोर ताणून आमच्या घराकडे वळली. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. दादा नुकतेच जिनिंगवरून आले होते, भुवयांवर कापूस होता. ते चहाची बशी हातात धरून तसेच थांबले.

चौदा वर्षांत मी ही हाळी ऐकली नव्हती. माय लगेच म्हणाली, "भात करपायलाय वाटतं." भात करपत नव्हता.

१० जानेवारी, शनिवार

दोन दिवस एक काळजी डोक्यात आहे. पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालते, नुसत्या मातीत. आम्ही मेंढरं घेऊन गेलो आणि अंडी तुडवली गेली तर? एक पाखरू बघण्यासाठी त्याचं घर मोडायचं, हे बंदुकीपेक्षा काय वेगळं?

मायला विचारलं. ती म्हणाली, "पुढं कोन चालतंय? मेंढका. अंडी दिसली की काठी आडवी धरून तिथंच उभं ऱ्हायचं. मेंढरं दोन्ही अंगानं निघून जात्यात, नदीच्या पान्यासारखी. तुझ्या आज्यानं, येडबानं, टिटवीच्या अंड्यासाठी घोंगडं पांघरून पावसात उभं ऱ्हाऊन कळप काढला होता. मग बडबडला लय, ते सोड."

हे ऐकून बरं वाटलं. तरी मी मनात ठरवलं आहे. अंडी दिसली तर २५ तारखेच्या मंडळींना तिथे न्यायचं नाही. काकांना राग आला तरी चालेल. हे त्यांना आजच कळवलं. ते म्हणाले, "अंडी दिसली एवढंच येऊन सांग, मी इथे पेढे वाटतो."

म्हणजे आता एकच प्रश्न राहिला. पुढे चालणारा मेंढका कोण? मावशीचे गुडघे दुखतात, तिचा मुलगा त्या आठवड्यात लग्नाला जाणार. मला अंडी ओळखू येणार नाहीत आणि माझी हाळी मेंढरांना कळणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार

दादांना म्हटलं, रविवारी, अठराला, मावशीकडे जायचंय, तुम्ही दोन दिवस सुटी काढाल का. जिनिंगचा हंगाम भरात आहे, ते अवघड आहे हे मला माहीत होतं.

"मला कामून? तुझ्या मायला इचार की."

"तिला नाही आवडत. पहिल्यापासून विरोध आहे तिचा."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी बेरीज चुकली की बघायचे.

"इरोध? रोज रात्री मला इचारती, साधी काही म्हनली का म्हनून. दोन येळा ट्रंक उघडून घोंगडं काढलंय, झटकलंय, परत ठिवलंय."

मला वाटलं होतं, ते कसर लागू नये म्हणून.

मी आत गेले. माय ज्वारी निवडत होती. इतके दिवस हे सोपं वाक्य माझ्या तोंडून का निघालं नाही, कळत नाही. मी म्हटलं, "माय, तू येतीस का?"

तिने मान वर केली नाही. "माझ्याबिगर तुझा बाप खाईल काय?"

बाहेरून दादा म्हणाले, "मुकादमाचा डबा. त्याची बायको लय चांगली वांगी करती."

"मग तिलाच आना करून!"

"तू माळावर जा, मग बघतो."

"आन् माझी वेचणी?"

"कापूस कुठं पळून चाललाय, म्हाळसा?" दादा दारात आले. "चौदा वर्सं न्हाई पळाला."

मायने ज्वारीतला एक खडा उचलला, बघितला, फेकला. मग म्हणाली, "अठराला न्हाई जमायचं. अमुशा हाय. अमुशेला कळप नव्या वाटंनं काढत न्हाईत."

दादांनी मला डोळा मारला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना डोळा मारताना पाहिलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत परवा झाली. मायने वाणात मिळालेले तीळगूळ मावशीसाठी बांधून ठेवले. तिने वेचणीच्या मुकादमिणीला परस्पर सांगूनही टाकलं. नारिंगी पट्टीचे बूट तिने बघितले आणि एवढंच म्हणाली, की मेंढरांना रंगाचं काय, सारवू नको, वास येईल.

आज सकाळपासून मात्र ती गप्प होती. मला वाटलं, बेत बदलला. दुपारी तिने मला मावशीला फोन लावायला सांगितला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं.

"अक्का, आपल्यातलं कोनी ऱ्हायलंय का गं?"

"कोन?"

"म्हंजे आमच्या वेळचं."

"येडी हायस का म्हाळसा? मेंढरू इतकं जगतंय व्हय? पर काळतोंडी होती ना तुझी? तिची पनती हाय. तसंच तोंड. तशीच चोरटी. कालच दिनकररावांच्या हरभऱ्यात घुसली आन् मला शिव्या खायला लावल्या."

माय हसली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मला वळखतील का गं?"

"कोण?"

"मेंढरं. हाळी इसरली असतील."

मी तिला सांगितलं, आपण पखुर्डी बघायला चाललोय, मेंढरं नाही. आणि मेंढरांनी ऐकलं नाही तर मावशी आहेच. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही. कशाची एवढी काळजी, ते मला नीट कळलं नाही. शेजारची शेळी तर त्या दिवशी दोर तोडायला निघाली होती. हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला. "ती शेळी व्हय," ती म्हणाली, "शेळीला काय, बोलावनंच लागत न्हाई." पण नंतर भाकरी थापताना ती हळू आवाजात तीच हाळी घोळवत होती, आणि या खेपेला भात खरंच करपला.

मला आता भीती वाटत नाही असं नाही. पाखरं त्या दिवशी येणारच नाहीत, हे होऊ शकतं. मग मी सगळ्यांना कळवीन, ठरल्याप्रमाणे. त्याचे शब्दही मी मनात जुळवून ठेवलेत. पण गंमत अशी की गेल्या आठवड्यात मी ते एकदाही घोकले नाहीत.

झोपायच्या आधी मायने पिशवी भरली. कोरडी चटणी, भाकरीचं पीठ, काठी नाही कारण ती मावशीकडे आहे. घोंगडं वर ठेवलं. मी म्हटलं, दुर्बीण तूही लावून बघ. ती म्हणाली, "मला रांजणाइतक्यावरून दिसतंय. तूच बघ. या टायमाला झोपू नको, म्हंजे झालं."

सोमवारी सकाळच्या गाडीने परभणी, तिथून गंगाखेडवरून पालम. रात्र मावशीच्या बिऱ्हाडावर. दुसऱ्या दिवशी ऊन जरा वर आलं की तळ्यावर, पुढे माय, मध्ये मेंढरं, मागे मी.

म्हणजे मंगळवारी, २० जानेवारीला.